ताईच्या पाठीतली भिंत

ताई पडली त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कसं? बहीण पाठीचा मणका मोडून खाटेवर पडलेली आणि भाऊ कॉलेजातून घरी येताना दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढतोय, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण चढत होतो. एकदा तर मी चक्क शीळ घालत होतो, आणि समोरून आलेल्या शेजाऱ्याने "कशी आहे ताईंची तब्येत?" म्हणून विचारल्यावर चेहरा पाडायला मला जरा वेळ लागला.

मी घाटकोपरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. लग्न केलं नाही. त्याला मोठंसं कारण नाही, राहून गेलं. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर माझं घर, चौथ्यावर ताईचं. लिफ्ट नाही. ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, भाची बंगळुरूला नोकरीला. म्हणजे आम्ही भाऊबहीण एकाच जिन्यावर राहत होतो, आणि भेटायचोही जिन्यातच. कारण ताई घरात नसायची. तिचा मंगळागौरीचा ग्रुप होता. मुलुंड-भांडुपच्या बायका, नऊवारी नेसून, नथी घालून, कुणाच्या घरी नाहीतर हॉलवर जाऊन झिम्मा, फुगड्या, सुपं नाचवणं, लाटण्यांचे खेळ करायच्या. श्रावणातल्या मंगळवारी त्यांना दोन-दोन ठिकाणची बोलावणी असत. ताई त्यांची म्होरकी. पंचविशीतल्या सुना धापा टाकत खाली बसायच्या तेव्हा ही साठीला आलेली बाई पदर खोचून "उठा गं, काय म्हाताऱ्या झालात का?" असं ओरडत उभी असायची. मला रविवारी डबा आणून द्यायची, "वेळेवर गिळत जा" म्हणायची आणि माझं काही उत्तर यायच्या आत खाली उतरलेली असायची.

श्रावण संपल्यावर ती सुपं माळ्यावर टाकायला स्टुलावर चढली आणि उताणी पडली. कमरेच्या जरा वर मणका मोडला आणि आतला मज्जारज्जू चेचला गेला. तुटला नव्हता. हा फरक किती मोठा असतो ते मला नंतर कळलं. हायवेलगतच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या आणि स्क्रू बसले. पाय मात्र गप्प. मग एके सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला. ताई म्हणाली, "बघ, त्यालाच आधी कंटाळा आला." तिला घरी आणलं ते माझ्याकडे, कारण चौथ्यापेक्षा दुसरा मजला बरा. भाची रजा संपेपर्यंत राहिली, मग सकाळपासून दुपारपर्यंत एक बाई ठेवली.

पहिल्या आठवड्यातच तिने मला बसवून घेतलं. "माझ्या पाठीत काय चाललंय ते सांग. सोप्या मराठीत. तुझ्या पोरांना सांगतोस तसं नको, ती नापास होतात."

खरं सांगायचं तर मलाही ते धड माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकात चेतापेशींना पानभर जागा, आकृती, रंगीत बाण; आणि त्यांच्या आजूबाजूच्या आधारपेशींना दोन ओळी. इतकी वर्षं मीही त्या दोन ओळी वाचून पान उलटत आलो होतो. आता रात्रीचं जेवण झालं की वाचायला बसायचो आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ताईला सांगायचो.

"हे बघ, पाठीच्या कण्यात निरोप नेणाऱ्या पेशी असतात. मेंदू म्हणतो 'पाय हलव', त्या पायापर्यंत पोचवतात. त्यांच्या भोवती दुसऱ्या पेशी असतात, त्यांना सांभाळणाऱ्या. त्या स्वतः निरोप नेत नाहीत."

"म्हणजे आमच्यातल्या नाचणाऱ्या आणि त्यांच्या साड्यांना पिना लावणाऱ्या."

"तसंच. त्यातल्या काही निरोपाच्या तारांना मेदाचं वेटोळं घालून देतात. वायरीला रबर असतं ना, तसं. मार बसला की त्या मरतात आणि तारा उघड्या पडतात. मग धड असलेली तारही निरोप नीट नेत नाही. नवीन पेशी येऊन पुन्हा वेटोळं घालायला लागतात, पण सावकाश."

"पिनावाल्या मेल्या. बरं. पुढे?"

"काही सफाईवाल्या असतात. मार लागला की सगळ्यात आधी त्या धावतात. मेलेलं खाऊन टाकतात. कधी उत्साहाच्या भरात चांगलंही खातात."

"आमची ढोलकीवाली," ताई म्हणाली.

मग मी तिला तारकापेशींबद्दल सांगितलं. या ताऱ्यासारख्या, सगळीकडून हात फुटलेल्या. एरवी चेतापेशींना खाऊपिऊ घालणं, त्यांच्या भोवतीचा केरकचरा आवरणं ही यांची कामं. इजा झाली की त्या फुगतात, लांब होतात, जखमेभोवती जमतात आणि हातात हात गुंतवून रिंगण धरतात. मग त्याची भिंत उभी राहते. आतली सूज आणि नासधूस धड भागात पसरू नये म्हणून.

"मग चांगलंच आहे की."

"हो, पण भिंत पुढेही तशीच राहते. तुटलेल्या तारेला नवा कोंब फुटला तर त्याला पलीकडे जाणं जमत नाही. म्हणून बरीच वर्षं शास्त्रज्ञ तिलाच व्हिलन धरून बसले होते. मग त्यांनी उंदरांमध्ये ती भिंत होऊच दिली नाही. तर इजा उलट आणखी पसरली. आता म्हणतात, भिंतीने वाचवलं हेही खरं आणि अडवलं हेही खरं."

ताईने थोडा विचार केला. "सासूच की," ती म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

असे आमचे दिवस. चाकांच्या खुर्चीत बसवल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडलं आणि मला आमटी शिकवली. माझी फोडणी दोनदा करपली, तेव्हा "जीवशास्त्रवाला ना तू? मोहरी जिवंत आहे की मेली एवढंही कळत नाही?" असं ऐकून घेतलं. अळूची पानं उलटी लावली म्हणून सबंध वडी उलगडून परत लावायला लावली. संध्याकाळी रमी. ती पत्ते लपवायची, मला दिसायचं, मी बोलायचो नाही. मी कुलूप उघडायच्या आत आतून आवाज यायचा, "आलास का? आज उशीर?" माझ्या कुलपाच्या आत इतक्या वर्षांत कुणी नव्हतं. आई गेल्यापासून तर नाहीच. खानावळीचा डबा, बातम्या, पेपर तपासणं, झोप. मला कधी ते वाईट वाटलं नव्हतं, कारण दुसरं काही असतं हे मी विसरलो होतो.

जानेवारीत हॉस्पिटलात दाखवायला नेलं. ताईला एक्स-रेसाठी आत नेलं होतं तेव्हा डॉक्टर मला पॅसेजमध्ये भेटले. हाड छान जुळलंय म्हणाले. आता घरात ठेवू नका, बाहेर काढा, माणसांत जाऊ द्या, पायात थोडी ताकद येतेय तर तिला कामाला लावा. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. आता पुन्हा थेट पुढच्या वर्षी या. जे सांगितलं ते असं, घाईत, इंग्रजीत.

परतीच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ताईने विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "हाड जुळतंय. पण अजून वर्षभर खाली उतरायचं नाही. गर्दी नाही, धक्का नाही. आतली भिंत अजून कच्ची आहे."

ती म्हणाली, "बरं." मी शिकलेला. तिने पुढे काही विचारलं नाही.

मी हे का बोललो? भीतीने, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. भीती होतीच. ती पुन्हा पडेल, कुणी धडकेल, जिन्यात चार माणसांच्या हातातून खुर्ची सुटेल. पण अर्धंच कारण ते. उरलेलं अर्धं असं, की ती खाली उतरली तर परत तिची होईल, त्या बायकांची होईल, आणि मी कुलूप उघडेन तेव्हा आत कुणी नसेल.

यानंतर जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. आमची सोसायटीही आहे. ताईची जिवलग मैत्रीण, समोरच्या विंगमधली, पुढच्याच आठवड्यात आली. "मास्तर, हिला खाली कधी आणताय? आम्ही चौघी उचलतो खुर्ची. सुपं नाचवलीत इतकी वर्षं, दंडात जोर आहे." मी घाबरलो. घाबरलेला मास्तर करतो तेच केलं, लेक्चर दिलं. आधारपेशी, तारकापेशी, रिंगण, भिंत, सगळं. आणि शेवटी पदरचं घातलं, की या पेशींना शांतता लागते, हादरे बसले की काम बिघडतं. शास्त्रात असं कुठेही नाही.

आमच्या सोसायटीत बातमी पाण्याच्या टाकीसारखी आहे, वर सोडली की सगळ्या नळांना येते. दोन दिवसांत सबंध इमारतीला कळलं की दुसऱ्या मजल्यावर ताईंच्या पाठीत भिंत बांधायचं काम चालू आहे. दुपारचे मिक्सर बंद झाले. पोरांचं क्रिकेट मागच्या बाजूला गेलं. सेक्रेटरीने बोर्डावर लिहिलं, 'बी विंगच्या जिन्यात सावकाश चालावे'. माझ्या डोक्यावरच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या बाथरूमच्या टाइल्स फोडायच्या होत्या. ते स्वतः येऊन म्हणाले, "ताईंची भिंत होऊ द्या, मग आमची फोडू." ते बाथरूम माझ्याच छतात गळत होतं. मी महिनोन्महिने बालदी लावून झोपलो, आणि ते मला योग्यच वाटलं.

फेब्रुवारीपासून फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. भांडुपची, स्कूटरवरून यायची, ताईला 'काकू' म्हणायची आणि अजिबात दयामाया दाखवायची नाही. तिने ताईला पलंगाच्या कडेला बसवलं, मग भाड्याने आणलेल्या दोन आडव्या बारांमध्ये उभं केलं, मग पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून वॉकरवर हॉलभर चालवलं. ताई घामाघूम होऊन तिला शिव्या द्यायची. "कुठल्या जन्मीची सासू आहेस गं तू?" "या जन्मी लग्न व्हायचंय, काकू. पाय उचला." उन्हाळा सरेपर्यंत ताई हॉल ते स्वयंपाकघर जायची. खाली मात्र नाही. मुलीला वाटायचं काकूंनाच नको असेल, खुर्चीत बसून लोकांसमोर जायची पुष्कळांना लाज वाटते. ताईला वाटायचं डॉक्टरांनी मनाई केलीय. आणि मी मध्ये चहा करत असायचो.

श्रावण आला. मंगळवारी संध्याकाळी समोरच्या विंगमधल्या कुणाकडे मंगळागौर होती. खिडकीतून टाळ्यांचा आवाज यायला लागला. ताई खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून बसली होती. एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, "चुकल्या. दीड मात्रा पुढे गेल्या." मी विचारलं, खिडकी लावू का, हादरे बसतात. ती म्हणाली, "लाव." मी लावली. त्या श्रावणातल्या प्रत्येक मंगळवारी लावली.

गणपती झाले, आणि एके दिवशी ती फिजिओ मुलगी हसत हसतच घरात आली. तिला नव्याने आलेल्या वॉचमनने गेटवर अडवलं होतं. "मॅडम, धीरे जाना, ऊपर दीवार का काम चालू है." तिने विचारलं, कसली भिंत? त्याने हात मागे नेऊन स्वतःची पाठ दाखवली.

"सर, हे काय आहे?" ती म्हणाली. "ती भिंत तर गेल्या वर्षीच होऊन गेली असणार. पहिल्या काही आठवड्यांत. आता कसले हादरे? आता तर जे शिल्लक आहे ते वापरायचं, नाहीतर आहे तेही सुकेल. डॉक्टर असं म्हणालेत? कधी?"

मी स्वयंपाकघरात गाळणं धुवत होतो. धुतलेलंच पुन्हा धुतलं. हॉलमध्ये ताई म्हणाली, "आधी व्यायाम करून घे." मुलीने व्यायाम करून घेतला आणि ती गेली. मग ताईने हाक मारली.

"डॉक्टर काय म्हणाले होते ते सांग. जसंच्या तसं. इंग्रजीत म्हणाले असतील तर इंग्रजीत."

मी सांगितलं. टेक हर आउट. लेट हर बी विथ पीपल. दोन्ही वाक्यं मला पाठ होती.

ताईने ती एकदा पुटपुटून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी जानेवारीपासून बाहेर आहे, आणि मलाच माहीत नाही."

मी बोलू लागलो, भीती वाटत होती वगैरे. ती म्हणाली, "गप्प बस. विचार करू दे." तिच्या चेहऱ्यावर राग होता हे नक्की. मग तो कुठे गेला मला कळलं नाही, कारण ती हळूहळू हसायला लागली. "आणि ती बालदी? तू त्या गळक्या छताखाली झोपत होतास, माझ्या भिंतीसाठी?" हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं, तर तेही सांडलं. "वाट लावलीस रे सगळ्यांची." मग डोळे पुसून म्हणाली, "नवरात्रात खाली भोंडला असेल. मला उतरव."

उतरवलं. चौघांनी खुर्ची धरली, सेक्रेटरी, वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आणि मी. ताईने हुकूम सोडला, "ह्याला पुढे घ्या, खालच्या बाजूला. वजन कळू दे." दोन मजले मला वजन कळलं. मधल्या वळणावर तिने विचारलं, "दमलास?" मी नाही म्हणालो. "मग हळू का चालतोस? बोर्ड वाचलास वाटतं."

कंपाउंडमध्ये पाटावर हत्ती मांडला होता, भोवती झेंडूची फुलं. बायकांनी ताईला पाहिलं आणि एकच गलका केला. कुणी तिच्या गळ्यात पडलं, कुणी गजरा माळला, ढोलकीवाली रडायलाच लागली, तेव्हा ताईने तिला "डोळे पूस, नाहीतर ताल चुकशील. श्रावणात चुकलात ते मी ऐकलंय" असं सुनावलं. मग त्यांनी अगदी मायेने तिची खुर्ची मधोमध, हत्तीच्या पाटाशेजारी नेऊन ठेवली आणि तिच्या भोवती हातात हात गुंतवून रिंगण धरलं.

मी बाजूला उभा होतो. हे चित्र मी वर्षभर पुस्तकात पाहत होतो. मध्ये जखम आणि भोवती हात गुंफलेल्या, भलं करायला निघालेल्या सगळ्या.

ताई म्हणाली, "ए, मी काय हत्तीण आहे? मला मध्ये नका ठेवू. रिंगणात घ्या."

मैत्रीण म्हणाली, "अगं, धक्का लागेल. तुझी भिंत…"

"माझी भिंत कधीच झाली. विचार ह्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला आयुष्यात चारचौघांत बोलायचा कंटाळा, वर्गात बोलतो ते पगार मिळतो म्हणून. पण त्या दिवशी मी बोललो. म्हणालो, भिंत गेल्या वर्षीच झाली होती. डॉक्टरांनी जानेवारीतच हिला बाहेर न्या म्हणून सांगितलं होतं. मनाई केली ती मी, डॉक्टरांनी नाही. शांतता लागते वगैरे मी रचलेलं.

मग सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे मी मिक्सरवरून चार घरांशी भांडण घेतलं ते…" आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अगदी शांतपणे विचारलं, "मग उद्यापासून फोडू का टाइल्स?" तिथे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं कंपाउंड सुटलं. मैत्रीण मात्र हसली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मास्तर, हे बरं नाही केलंत." मी म्हणालो, "नाही केलं." ती म्हणाली, "आता खुर्ची ढकला. आमचे दोन्ही हात गुंतलेत."

रिंगण उघडलं. ताईचा एक हात मैत्रिणीने धरला, दुसरा ढोलकीवालीने, आणि मागे खुर्ची ढकलायला मी. भोंडल्यात पुरुष, तोही मी. पोरीबाळी लोळून हसत होत्या. पेव्हर ब्लॉकवर खुर्ची खडखडत होती, रिंगण कधी गोल, कधी पापडासारखं वाकडं. दर फेरीत ताईला चांगले दणदणीत धक्के बसत होते आणि ती गळा मोकळा सोडून गात होती. माझी लय चुकली की मागे न बघता म्हणायची, "उजवा, उजवा. पाय आहेत ना तुला धड?" फिजिओ मुलगी स्कूटरला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला. इतका मी त्याआधी कधी हसलो होतो ते मला आठवत नाही. गाल दुखत होते.

आता ताई घरी नसते. तळमजल्यावर एक खोली भाड्याने मिळाली, तिथे राहते, वॉकरवर कंपाउंडभर फिरते, लांब जायचं तर खुर्ची. ग्रुपमध्ये ती उभी राहून नाचत नाही. खुर्चीतून खेळ सांगते, ताल धरते, चुकलं की लाटणं आपटते. बैठी फुगडी मात्र तिने सोडलेली नाही, समोरचीने खुर्चीसकट गरगर फिरवायचं. मी कुलूप उघडतो तेव्हा आत कुणी नसतं. आमटी मात्र चांगली होते. रविवारी मी डबा घेऊन खाली जातो आणि ती दारातच म्हणते, "ठेव तिथे, मला उशीर झालाय."

वर्गात आता आधारपेशींना मी दोन तास देतो. अभ्यासक्रमात नाहीत तेवढे. पोरं विचारतात, सर, परीक्षेला येणार का? मी नाही म्हणतो, तरी लिहून घ्या म्हणतो.

ताईने मला माफ केलंय. तसं ती बोलली नाही, पण अजून पत्ते लपवते, त्यावरून मी समजतो. खोटं बोललो ते तिला माहीत आहे. त्या खोट्यामागे माझं एवढं सुख होतं, हे तिला माहीत नाही, किंवा असेलही. ते मी तिला तिच्यासमोर बसून सांगायला हवं. आणि ज्या श्रावणात मी खिडक्या लावत बसलो तो तिचा होता. साठीच्या बाईकडे श्रावण काही पोत्याने नसतात. तो मला परत आणून देता येणार नाही, पण माझ्याकडून तिचं ते येणं आहे. मी माझ्या बहिणीला एक अख्खा श्रावण देणं लागतो.